चोपदाराचा दंड

नेतृत्वगुण अंगी कसा बाणवावा, हे ज्या तरुणास जाणून घ्यावयाचे असेल त्याने आषाढी वारीतील समाजआरती अवश्य पाहावी. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखी सोहळ्यास शिस्त लावली. मुक्कामी दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो, आणि सहस्रावधी टाळ क्षणात निःशब्द होतात. बघणारा येथेच भारावतो. वस्तुतः शिकण्याजोगे ते पुढेच आहे. जिचे गाऱ्हाणे असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. हा अवमान नव्हे, तो तिचा हक्क होय! ‘नेता’ शब्दाचा धातू ‘नी’, म्हणजे नेणे. येथे मात्र नेणाराच चालत त्या टाळापाशी जातो आणि ऐकून घेतो. निवाडा होतो, टाळ थांबतात. मग उद्याच्या प्रस्थानाची वेळ पुकारली जाते आणि आरती सुरू होते.