तलाव भरलेला, तरी अर्धा रिकामा

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कॉर्डेल गावाजवळ 1948 साली क्लाउड क्रीक या ओढ्यावर मातीचं एक छोटं धरण बांधून झालं. वॉशिटा नदीचा पूर वरच्या ओढ्यांवरच अडवायचा, ही कल्पना. आज एकट्या ओक्लाहोमात अशी दोन हजारांहून अधिक धरणं आहेत. त्यांतल्या कित्येक तलावांत लोक गळ टाकून बसतात, होड्या चालवतात.

गळवाल्याला तलाव भरलेला हवा, पण पूर अडवायचा तर तो रिकामा हवा. तोडगा आहे काँक्रीटच्या उभ्या मनोऱ्यात. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढलं की आत पडतं आणि धरणाखालच्या नळातून ओढ्यात जातं. तेवढी पातळी मासेमारीला कायम मिळते. वरची जागा पुरासाठी राखीव. तिथे साठलेलं पाणी काही दिवसांत बेताबेताने उतरतं. नळ पुरेनासा झाला तर बाजूला गवताळ सांडवा आहेच. माथ्यावरून मात्र पाणी जाता कामा नये. मातीचा भराव बघता बघता धुपतो.

अशा धरणाची तब्येत पायथ्याशी कळते. थोडा पाझर असतोच. तो नितळ असेल तर ठीक. गढूळ दिसला तर आतली माती वाहून चालली आहे, तपासणी तातडीने हवी. मुळांतून किंवा बिळांतून पाण्याला वाट मिळू नये म्हणूनच भरावावर झाडं वाढू देत नाहीत, बिळं बुजवतात.

यांतल्या बहुतेक धरणांचं आयुष्य 50 वर्षं धरलं होतं. अनेकांनी ते ओलांडलंय, गाळ साचतोय, आणि काही ठिकाणी खालच्या अंगाला शेतांच्या जागी घरं आली आहेत. दुरुस्तीसाठी 2000 साली कायदा झाला. माझ्या मते, पहिला पैसा या घरांच्या वरच्या धरणांनाच मिळायला हवा.