मुगीसचे अश्रू, बरीराचा नकार

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर सगळे घर एकत्र बसते. ज्याचे मन मोडले आहे, त्याला नेमकी हीच वेळ जड जाते. हातात खजूर असतो आणि नजर मोबाइलवर. गेल्या वर्षी सहरीला उठवणारा फोन आता येत नाही. खारदांड्यासारख्या जुन्या कोळीवाड्यात घराला घर लागून असते. तिथे मोडलेली मंगनी चार दिवसही लपत नाही. मुलगा रडला तर त्याची टिंगल होते आणि नकार मुलीचा असेल तर बोल तिलाच लागतात.

‘सहीह बुखारी’त नोंदलेली मदिनेची एक हकिकत अशा वेळी आठवावी. हजरत आयेशा (रजि.) यांच्या मदतीने बरीरा ही स्त्री गुलामीतून मुक्त झाली. तिचा पती मुगीस गुलाम होता. त्याच्यासोबत राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिला मिळाला आणि तिने वेगळे होणे पसंत केले. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरू लागला. त्याची दाढी अश्रूंनी भिजत असे. पैगंबर (स.) यांना त्याची दया आली. मुगीसला परत स्वीकारावे, असे त्यांनी बरीराला सुचवले. ही आज्ञा आहे का, असे तिने विचारले. आज्ञा नव्हे, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळाल्यावर तिने नकार दिला. विषय तिथेच संपला. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

मुगीसच्या अश्रूंना कुणी पाप म्हटले नाही. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे तर पुत्रवियोगात रडून पांढरे झाले, तरीही त्यांचा सब्र सुटला नाही. पण मुगीसचे प्रेम खरे असूनही बरीराचा नकार बदलला नाही, हेही तितकेच लक्षात ठेवावे. नकारानंतर पाठलाग करणे, पुन्हा पुन्हा मेसेज पाठवणे, जुने फोटो दाखवून बदनामीची धमकी देणे हे प्रेम नव्हे, तो जुलूम आहे.

रोजा हेच शिकवतो. समोर पाणी असते, पाहणारे कुणी नसते, तरी हात पुढे जात नाही. तोच संयम त्या एका नंबरपासून बोट मागे घ्यायला शिकवू शकतो. पहिले दिवस कठीण जातात, मग सवय होते.

खारदांड्याच्या कोळ्यांना थांबणे ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर येतात, पण हात रिकामे नसतात. जाळी दुरुस्त होतात. दुखावलेल्या माणसानेही या दिवसांत अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावा, आईजवळ बसावे, मित्राशी मोकळे बोलावे. रात्री झोप उडाली, जगणे नकोसे वाटले तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा नाही.

घरच्यांनीही ईदच्या दिवशी ‘काय झाले?’ असे विचारू नये. शीरखुर्म्याची वाटी पुढे करावी आणि शेजारी बसावे.