घर चाकांवर, हिवाळा पाठीमागे

ऑक्टोबर सरत आला की कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मेपलची लाल-पिवळी पाने गळू लागतात, पहाटे गवतावर पांढरी खर दिसू लागते आणि काही घरांपुढे वेगळीच लगबग सुरू होते. उन्हाळाभर अंगणात उभ्या असलेल्या भल्यामोठ्या गाडीची दारे उघडतात. भांडीकुंडी, पांघरुणे, औषधे आत जातात. घरातले आजी-आजोबा चार-पाच महिन्यांसाठी दक्षिणेला निघालेले असतात.

आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर, शेकोटी आणि हुरडा. तिकडे थंडी म्हणजे कडाक्याच्या रात्री उणे वीस अंशांपर्यंत घसरणारा पारा, दारातला बर्फ फावड्याने उपसणे आणि निसरड्या वाटेवर पडून खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती. उतारवयात ती नकोशी होते. हिवाळ्यापुरते दक्षिणेला जाणाऱ्या या मंडळींना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. पण पाखरे पंख पसरून उडून जातात. माणसांना त्याआधी बरीच आकडेमोड करावी लागते.

मोटारीतला संसार

या गाडीला 'रिक्रिएशनल व्हेइकल', थोडक्यात 'आरव्ही' म्हणतात. पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास असे सगळे तिच्यात बसवलेले असते. काही आरव्हींना स्वतःचे इंजिन असते. काही नुसते ट्रेलर असतात, ते ट्रकमागे जोडून ओढावे लागतात. गाडीच्या पोटात बहुधा तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. मुक्कामाच्या तळावर वीज आणि नळजोडणी मिळते. ती नसेल तिथे बॅटरी आणि छतावरचे सौर पॅनेल यांच्यावर भागवावे लागते.

हा शौक आजचा नाही. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी अशा मोटार-प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना स्थापन केली होती. तेव्हा मोटारीला तंबू बांधून लोक येत. आता तंबूच्या जागी दहा-दहा मीटर लांबीची घरे आली, पण ओढ तीच आहे.

आधी दिवस मोजा

बेताची सुरुवात नकाशापासून नव्हे, कॅलेंडरपासून करावी लागते. कॅनडाच्या नागरिकाला पाहुणा म्हणून अमेरिकेत साधारणपणे बारा महिन्यांत सहा महिने राहता येते. तिथे ३० दिवस किंवा अधिक राहणाऱ्याकडे प्रवेशाची अधिकृत नोंद नसेल, तर एप्रिल २०२५ पासून त्याला वेगळी नोंदणी करावी लागते. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना असला तरी पासपोर्ट भारतीय असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी हे विसरून चालत नाही.

दुसरा हिशेब करखात्याचा. चालू वर्षातले अमेरिकेतले सगळे दिवस, मागल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातल्यांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, तर अमेरिका त्या व्यक्तीला करापुरते आपला रहिवासी मानू शकते. दरवर्षी १२० दिवस राहिले तर बेरीज १८० भरते, म्हणजे काठावर सुटका. पाच महिने राहणाऱ्यांची बेरीज मात्र सव्वादोनशेच्या घरात जाते. त्यांनी 'आपले खरे घर कॅनडातच आहे' असे सांगणारा ८८४० क्रमांकाचा फॉर्म सहसा १५ जूनपर्यंत भरायचा असतो.

तिसरा हिशेब घरचा. ऑन्टारिओची सरकारी आरोग्य योजना चालू ठेवायची असेल, तर कोणत्याही बारा महिन्यांत प्रांताबाहेरचे दिवस सामान्यतः २१२ च्या आत असावे लागतात. तीन हिशेब, तीन आकडे. जाणती मंडळी सीमा ओलांडल्याची प्रत्येक तारीख वहीत टिपून ठेवतात.

विम्यातली मेख

सगळ्यात महागात पडते ते आजारपण. ऑन्टारिओची योजना परदेशातल्या तातडीच्या रुग्णालयीन उपचारांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देते. अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या बिलापुढे ही रक्कम किरकोळ ठरते. म्हणून प्रवासाचा वेगळा आरोग्यविमा घ्यावाच लागतो.

मेख आहे ती याच विम्यात. उतारवयात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काहीतरी असतेच. निघण्यापूर्वी ठराविक काळ हा आजार 'स्थिर' असला पाहिजे, अशी अट पॉलिसीत असते; कुठे ९० दिवस, कुठे १८०. या काळात डॉक्टरांनी गोळी बदलली किंवा मात्रा वाढवली, तरी कित्येक पॉलिसी तो आजार अस्थिर धरतात आणि त्यावरचा दावा नाकारतात. माणूस निर्धास्त असतो, आणि कळते ते थेट रुग्णालयात.

उपाय साधा आहे. १ नोव्हेंबरला निघायचे असेल तर ९० दिवसांची मुदत ३ ऑगस्टला सुरू होते. म्हणून तपासण्या जुलैतच उरकायच्या, आणि पुढे औषधात काहीही बदल झाला तर विमा कंपनीला लगेच कळवून लेखी उत्तर घ्यायचे. गरजेचा औषधबदल मात्र विम्यासाठी टाळायचा नाही. त्यापेक्षा प्रवास पुढे ढकलावा.

वाट आणि वेग

टोरोंटोहून अॅरिझोनाच्या वाळवंटात जायचे तर सुमारे चार हजार किलोमीटर पडतात. इंडियानापोलिस, सेंट लुईस, ओक्लाहोमा सिटी, अॅल्बुकर्की ही सरावाची वाट. तिथून सरळ पश्चिमेला गेले की फ्लॅगस्टाफ लागते. नकाशावर ते 'दक्षिणेत' दिसते, पण उंची सुमारे २,१०० मीटर, आणि हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडतो. म्हणून अॅल्बुकर्कीहून दक्षिणेला वळून लास क्रूसेस, तिथून टूसॉन असा वळसा पत्करलेला बरा. ओक्लाहोमाच्या आसपास गोठणाऱ्या पावसाने रस्ते काचेसारखे होतात. त्यासाठी दोन-चार दिवस हाताशी जादा ठेवावे लागतात.

वेगाबद्दल अनुभवी प्रवाशांचा 'तीनाचा नियम' प्रसिद्ध आहे: दिवसाला ३०० मैलांहून अधिक नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्काम, आणि एका ठिकाणी तीन रात्री. उत्तरेत मात्र शेवटचा भाग पाळता येत नाही, कारण तिथले कित्येक तळ ऑक्टोबरअखेर बंद होतात. पारा शून्याखाली असेपर्यंत नळ्यांत पाणी खेळवायचे नाही, नाहीतर ते गोठून नळ्या फुटतात. नळ्यांत गुलाबी रंगाचे बिनविषारी अँटिफ्रीज भरून निघायचे आणि उबदार प्रदेश येईपर्यंत बाटलीच्या पाण्यावर भागवायचे.

सामानाचेही तसेच. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वजन वाढते, म्हणून भरलेली गाडी एकदा ट्रकच्या वजनकाट्यावर चढवून पाहावी. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात. त्यांच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळते.

वाळवंटातले बिऱ्हाड

अॅरिझोनातले क्वार्टझाईट हे एरवी काही हजार वस्तीचे गाव. हिवाळ्यात त्याच्या भोवतालचे वाळवंट आरव्हींनी फुलून जाते. गावालगत ला पोसा येथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात परवाना काढून राहता येते. पाणी भरण्याची आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोय आहे. गाडीला वीजजोडणी मात्र मिळत नाही. जानेवारीत दुपारी वीस अंशांच्या आसपास ऊन, रात्री मात्र कडक गारठा.

परमुलखातून येण्याची या गावाची परंपराही जुनी. अमेरिकी लष्कराने १८५० च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हादजी अली हा उंटवाला १९०२ साली इथेच वारला. लोकांनी त्याचे नाव 'हाय जॉली' करून टाकले होते. त्याच्या कबरीवर १९३५ साली पिरॅमिड बांधला गेला, आणि माथ्यावर उंट आहे.

अशा मोकळ्या माळावर राहताना आपला ठावठिकाणा नेमका लिहून ठेवणे जरुरीचे असते. घरक्रमांक नसलेल्या जागी रुग्णवाहिका बोलावायची तर कोणत्या रस्त्याच्या कितव्या मैलावर, हे सांगता आले पाहिजे.

चाक दुसऱ्याच्या हाती

या बेतात एक प्रश्न हमखास मागे राहतो. गाडी बहुधा एकटे आजोबाच चालवतात. वाटेत त्यांनाच छातीत कळ आली तर? आजी परक्या देशात, शेजारी दहा मीटर लांबीची गाडी, आणि ती कशी हलवायची ते ठाऊक नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनीही मोकळ्या मैदानात गाडी चालवून, मागे घेऊन पाहावी. टाक्या रिकाम्या करणे, गॅस बंद करणे, वीज जोडणे हे सारे दोघांना यायला हवे. औषधांची यादी, विम्याचा दूरध्वनी क्रमांक आणि मुलांचे क्रमांक फ्रीजच्या दारावर चिकटवावे.

आणि एक दिवस हा प्रवास थांबणार, हेही बोलून ठेवावे. 'एस्केपीज' ही आरव्हीवाल्यांची संघटना जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ साली काढली. पुढे याच संघटनेच्या मंडळींनी टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन येथे एक केंद्र उभे केले. प्रवास झेपेनासा झालेल्यांनी तिथे आपली गाडी लावावी, तिच्यातच राहावे आणि जेवणाची, देखभालीची सोय मिळवावी, अशी ती कल्पना. चाके थांबली तरी आपले घर सोडावे लागू नये, ही गरज त्यांनी वेळीच ओळखली.

कोण गाडी परत आणणार, कोणत्या वर्षी थांबायचे, मुलांना केव्हा बोलवायचे, या प्रश्नांची उत्तरे उन्हाळ्यातच जेवणाच्या टेबलावर बसून ठरली, तर दोघांच्याही मनावरचे ओझे उतरते. मग एका गार पहाटे घरातला पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा, नळ्या रिकाम्या करायच्या आणि घरावर नजर ठेवायला शेजाऱ्याच्या हाती किल्ली द्यायची. तो अंगणात उभा राहून हात हलवतो, आणि गाडी दक्षिणेकडे वळते.