कर्जत व खालापूर येथील बांधकामाचें नियमन : बिनशेतीच्या हुकुमापासून महारेराच्या नोंदीपर्यंत

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या बाजूचीं जुनीं घरें पडून नवीन इमारती उठूं लागल्या, तसे त्या घरांच्या फडताळांतील कागदही बाहेर पडूं लागले आहेत. अशा दप्तरांत बिनशेतीचा हुकूम सांपडला कीं तो बांधकामाचा परवाना समजण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें ही समजूत निराधार आहे. तिच्यामुळें जुन्या कागदाचा अर्थ बिघडतो एवढेंच नव्हे, तर 'जागा एन. ए. आहे' या तीन शब्दांवर विसंबून अनेकांनीं या माळांवर आपली आयुष्याची पुंजी घातलेली आहे. तेव्हां बांधणाऱ्यास सरकार कोणत्या काळीं कोणता प्रश्न विचारीत होतें, हें नीट पाहिलें पाहिजे.

प्रथम कागदाचा ठिकाणा व काळ ओळखण्याविषयीं दोन शब्द. कर्जत तालुक्यास पूर्वीं नसरापूर म्हणत. भोरकडील नसरापुराशीं त्याचा संबंध नाहीं. हा मुलूख १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, त्या सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला, आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. खालापूर हा दीर्घकाळ कर्जतचाच पेटा होता. म्हणून मथळ्यावरील जिल्ह्याच्या नांवावरून तारीख नसलेल्या कागदाचाही काळ बहुधा ठरवितां येतो, आणि अव्वल इंग्रजींतील कागदांचा शोध अलिबागेस न करतां ठाण्याकडे करावा लागतो.

पेशवाईंत पुण्यासारख्या शहरीं घरांची खरेदीविक्री नोंदणें व गल्लीबोळांचे तंटे तोडणें हें कोतवालाकडे असे. खेड्यांत तसा अंमलदार नव्हता. पांढरींतील जागेचा निवाडा पाटील, कुळकर्णी व गोत यांच्या तोंडीं. खोपोलीस नाना फडणविसांनीं तळें व महादेवाचें देऊळ बांधलें, तेव्हां नकाशा कोणापुढें ठेवावयाचा हा प्रश्न निघण्याचें कारणच नव्हतें.

इंग्रजी अमलांत प्रश्न निघाला, पण तो साऱ्याचा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ४८ व्या कलमानें आकारणी जमिनीच्या उपयोगावर अवलंबून ठेवली, आणि ६५ व्या कलमानें शेतीची जमीन दुसऱ्या कामीं लावण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. परवानगीवांचून वापर बदलल्यास ६६ व्या कलमाखालीं दंड. घर पक्कें आहे कीं कच्चें, जिना किती रुंद, पाणी कोठून येणार, याची या कलमांस फारशी फिकीर नाहीं. शेत गेलें तर सारा किती वाढवावयाचा, एवढाच मुद्दा. याच ६५ व्या कलमांत अशी तरतूद होती कीं, कलेक्टरानें अर्जाची लेखी पोंच द्यावी, आणि तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें समजावें. संग्राहकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. हुकूम नाहीं म्हणून घर बेकायदा, असें अनुमान काढतां येत नाहीं. ज्या चिटोऱ्यास आपण रद्दी समजून टाकतों ती अर्जाची पोंचच कित्येक घरांचा एकमेव परवाना असूं शकेल. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हाच विचार ४४ व्या कलमांत पुढें चालविला. मुदत नव्वद दिवसांची झाली, आणि वापर बदलल्यावर तीस दिवसांत तहसीलदारास कळविण्याचें बंधन आलें.

दुसरा प्रश्न जागेच्या योग्यायोग्यतेचा. हिंदुस्थानांत नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यानेंच १९१५ सालीं केला, पण तो शहरांपुरता होता. कर्जतच्या भातखाचरांशीं त्याचा संबंध आला नाहीं. तो संबंध १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें जोडला. त्याखालीं मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ सालीं, दुसरी १९९९ सालीं मंजूर झाली, आणि कर्जत-खालापूरचा कांहीं भाग तींत आला. तेव्हांपासून साऱ्याच्या प्रश्नाशेजारीं नवा प्रश्न उभा राहिला : ही जागा हरित पट्ट्यांत आहे कीं नागरी पट्ट्यांत?

याउपर एकाच तालुक्यांत नियमांची जी गर्दी झाली ती पाहून पेशवाईंतील दुमाला गांवांची आठवण होते. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें माथेरान व भोंवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर प्रदेश, शिवाय सभोंवार दोनशें मीटरांचा पट्टा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १० जानेवारी २०१३ रोजीं नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राकरितां, म्हणजे ज्यास 'नैना' म्हणतात त्याकरितां, सिडको ही विशेष नियोजन प्राधिकरण नेमली गेली. आरंभीं त्यांत २७० गांवें होतीं व त्यांत पनवेल, उरण, पेण यांबरोबर कर्जत-खालापूरचींही होतीं. पुढें कांहीं वगळलीं. डिसेंबर २०२० मध्यें राज्यास एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली खरी, पण तिनेंच नैना, औद्योगिक महामंडळाचीं क्षेत्रें, गिरिस्थानांच्या नगरपरिषदा व संवेदनशील प्रदेश वगळले. परिणामीं शिवेला शीव लागून असलेल्या दोन गांवांचे नियम निराळे असूं शकतात. कागदावर गट नंबर आहे, पण गांव कोणत्या यादींत होतें याचा उल्लेख नाहीं, अशा वेळीं हुकुमाच्या तारखेची व यादीची जुळणी केल्यावांचून कांहींही लिहूं नये.

इकडे पहिल्या प्रश्नाचें महत्त्व मात्र उतरत गेलें. २०१४ पासून संहितेंत ४२-अ व पुढील कलमें घालण्यांत आलीं. मंजूर योजनेंत बसणाऱ्या, आणि गांवठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरांच्या आंतील जमिनीस स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज न राहतां रूपांतर कर भरणें पुरेसें ठरलें. शंभरांहून अधिक वर्षें जो हुकूम मोठ्या जपणुकीनें फडक्यांत बांधून ठेवीत, त्याची जागा चलनानें घेतली.

तिसरा प्रश्न खरेदीदाराचा, आणि तो सर्वांत उशिरां विचारला गेला. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा बांधणारावर करारनामा बंधनकारक करी. किंमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम करारापूर्वीं घेतां येत नसे. पण तो कायदा सदनिकांचा. कर्जत-खालापूरकडे विक्री होई ती बहुतांशीं मोकळ्या तुकड्यांची, दगड पुरून व रस्त्याच्या खुणा आंखून, आणि तुकडा घेणारा त्या कायद्याच्या आश्रयाबाहेर राही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानें ही उणीव भरून काढली, हा आमच्या दृष्टीनें त्याचा या तालुक्यांपुरता सर्वांत मोठा गुण. त्यानें सदनिकांबरोबर भूखंडांचे प्रकल्पही नोंदणीस पात्र केले. महाराष्ट्राचें प्राधिकरण, महारेरा, मार्च २०१७ मध्यें स्थापन झालें. नोंदणीचें कलम १ मे २०१७ पासून अमलांत आलें, आणि पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या चालू प्रकल्पांनाही तीन महिन्यांत नोंद करणें भाग पडलें. खरेदीदारांच्या रकमेपैकीं सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवून ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्चावी. वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवांचून ती काढूं नये. दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदलेल्या करारापूर्वीं घेऊं नये. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षें बांधणीच्या दोषाची जबाबदारी वाहावी. बांधणाऱ्यांनीं यास आव्हान दिलें, परंतु मुंबई उच्च न्यायालयानें ६ डिसेंबर २०१७ रोजीं अधिनियम वैध ठरविला.

तथापि पांचशें चौरस मीटरांपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प या नोंदणींतून सुटतो. शिवाय नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे. कूळकायदा (१९४८) शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेऊं देत नाहीं, आणि १९७४ सालीं संहितेंत घातलेल्या ३६-अ कलमानें आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीवांचून जात नाहीं. ठाकूर व कातकरी यांची वस्ती असलेल्या या तालुक्यांत दुसरें बंधन फार मोलाचें आहे. सातबाऱ्यावरील आडनांव व इतर हक्कांचा रकाना न वाचतां केवळ बिनशेतीचा हुकूम वाचणारा मनुष्य अर्धाच कागद वाचतो.

संग्रहाच्या दृष्टीनें आणखी एक अडचण आहे. जुन्या हुकुमासोबत आंखणीचा नकाशा जोडलेला असे. नकाशा मोठा व घड्यांवर फाटका, म्हणून तो आधीं निराळा ठेवला जातो व मग हरवतो. हुकूम उरतो, पण त्यांतील 'सोबतच्या नकाशाप्रमाणें' या शब्दांना अर्थ उरत नाहीं. महारेराच्या नोंदींचा प्रकार याच्या उलट. तेथें नकाशा, मालकीचा अहवाल व मुदतवाढी एकत्र असतात, पण कागदावर नव्हे, संगणकांत. रायगड जिल्ह्याच्या क्रमांकांचा आरंभ पूर्वीं 'पी ५२०००' असा होत असे. जुन्या दप्तरावरील रुमालाच्या खुणेसारखीच ही खूण समजावी. ज्यांच्या संग्रहीं कुलाबा जिल्ह्याच्या काळचे या दोन तालुक्यांतील हुकूम असतील, त्यांनीं नकाशा, अर्जाची पोंच, सनद व त्याच सर्व्हे नंबराचा फेरफार एका रुमालांत ठेवावा, आणि त्याच जागेवर पुढें नोंदलेला प्रकल्प झाला असल्यास त्याचा क्रमांक रुमालाच्या चिठीवर लिहावा.