लघवीच्या रिपोर्टात बुरशी आली, तर?

अर्धांगवायू झालेल्या आजोबांना लघवीची नळी घालून 12 दिवस झालेत. ताप नाही, पोटात दुखत नाही. तेवढ्यात कल्चरचा रिपोर्ट येतो आणि त्यात ‘कँडिडा’ लिहिलेलं असतं. भूम-परांड्याहून धाराशिवला येऊन वॉर्डाबाहेर सतरंजीवर मुक्काम टाकलेला मुलगा डॉक्टरांच्या मागे लागतो, “साहेब, बुरशी झालीय म्हणं, भारीतलं इंजेक्शन लावा.” त्याची काळजी खरी आहे. म्हणूनच त्याला नीट समजावून सांगायला हवं.

बुरशी सापडली म्हणजे रोग झालाच, असं नाही. कँडिडा एरवीही आपल्या आतड्यात, कातडीवर असते. नळी बरेच दिवस आत राहिली की तिला बुळबुळीत थर धरतो, रांजणाच्या तळाला धरतो तसा. बुरशी त्यात घर करते आणि औषध तिथवर पुरतं पोचत नाही. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघवीत बुरशी आलेल्या 316 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना 14 दिवस फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. गोळ्या संपल्या तेव्हा फ्लुकोनॅझोल घेतलेल्यांपैकी जास्त जणांची लघवी स्वच्छ होती. आणखी दोन आठवड्यांनी मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच.

त्रास नसेल तर पहिला इलाज नळी काढणं, जमत नसेल तर बदलणं. पण घरच्यांनी ती ओढू नये. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो रिकामा न करता नळी खेचली तर मूत्रमार्गाला इजा होऊन रक्त येतं.

मग बुरशीकडे दुर्लक्ष करायचं? मुळीच नाही. थंडी-ताप असेल, कुशीत किंवा ओटीपोटात दुखत असेल, पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील, दीड किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल किंवा लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर औषधाचा विचार लगेच व्हायला हवा. बहुतेकदा फ्लुकोनॅझोलच देतात, कारण ते लघवीत भरपूर उतरतं. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही महागडी इंजेक्शनं रक्तातल्या बुरशीवर मोलाची, पण लघवीत ती फारशी येतच नाहीत. कँडिडा क्रुसी, ऑरिस आणि अनेकदा ग्लाब्राटा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, म्हणून बुरशीची जात कोणती, हे विचारा. रुग्ण मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत असेल तर तेही आठवणीने सांगा, दोन्ही औषधं एकत्र आली की साखर एकदम उतरू शकते.

अँटिबायोटिक वाढवून तर बुरशी जात नाहीच. शरीरातले इतर जंतू मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं.

रुग्णाला सोलापूर-लातूरला हलवताना लघवीची पिशवी हमखास त्याच्या पोटावर ठेवली जाते. तिथून साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कमरेच्या खाली लटकवा, फरशीला टेकू देऊ नका. आणि रोज राउंडला विचारा, “डॉक्टर, नळी अजून लागतेय का?”