तासांचा हिशेब आणि कॉकपिटमधला माणूस

विमान कोसळल्याची बातमी आली की तीत एक आकडा हमखास असतो : वैमानिकाला इतक्या हजार तासांचा अनुभव होता. हे तास म्हणजे वैमानिकाची पुंजीच. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. मोठ्या विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला १५००. परंतु हा आकडा पुष्कळ सांगतो आणि पुष्कळ लपवतोही.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे दगावली. डच विमानाचा कप्तान नवशिका मुळीच नव्हता. अकरा हजारांवर तास उडालेला, कंपनीतील जंबोच्या प्रशिक्षणाचा प्रमुख. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाचे एकूण तास नऊ हजारांवर, पण जंबोवरचे अवघे ९५. आणि जंबोसाठी त्याची परीक्षा घेतली होती याच कप्तानाने! कप्तानाने एकदा परवानगीपूर्वीच इंजिनांना जोर दिला, तेव्हा सहवैमानिकाने त्याला थांबवले. दुसऱ्यांदा विमान धावू लागले तेव्हा गुरूला पुन्हा अडविणे त्याला जमले नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान बाजूला झाले नाही काय, अशी शंका काढली. कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली. चौकशी अहवालाने आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, शिकविताना उड्डाणाची परवानगी शिक्षक स्वतःच देत असतो. वर्षानुवर्षे शिकविणाऱ्याच्या अंगी ही सवय मुरली असेल काय? म्हणजे अनुभवही माणसाला चुकीचे शिकवू शकतो.

आपण पडलो कलाशाखेचे विद्यार्थी. इंजिनांशी आपले काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण हा मामला इंजिनांचा नव्हे, बोलण्याचा आहे. धाकट्याने थोरल्याला कसे सांगावे आणि थोरल्याने ते कसे ऐकावे, हा प्रश्न घराघरांत आणि वर्गावर्गांत आहेच.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका विमानाचे इंधन हवेतच संपले. कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन कमी होत आहे हे साथीदारांना दिसत होते, ते त्यांनी सांगितलेही. पण इतक्या मवाळपणे की त्याच्या डोक्यात शिरले नाही. दहा जण मेले. त्यानंतर १९७९ साली ‘नासा’ने परिषद भरविली आणि १९८१पासून युनायटेड कंपनीने वैमानिकांना नवाच विषय शिकविण्यास आरंभ केला : कप्तानाने विचारावे, इतरांनी स्पष्ट बोलावे, कामे वाटून घ्यावीत. जुन्या वैमानिकांपैकी काहींनी त्याची टर उडविली.

त्याचे फळ १९८९मध्ये दिसले. सू सिटी येथे एका डीसी-१० विमानाची सुकाणू-यंत्रणा पार निकामी झाली. प्रवाशांत बसलेला एक प्रशिक्षक-वैमानिक पुढे आला आणि कप्तानाने त्याच्या हाती इंजिनांचे दांडे सोपविले. २९६पैकी १८४ माणसे वाचली. कप्तान अल हेन्स यांनी याचे श्रेय त्या शिक्षणाला दिले.

तरीही कायदा करणाऱ्यांना तासच सोपे वाटतात. २००९च्या बफेलो अपघातानंतर अमेरिकेने सहवैमानिकांनाही सामान्यतः १५०० तासांची अट घातली. गंमत अशी की त्या विमानातील दोघांचेही तास त्याहून अधिक होते!

आणि आपले मंगळूर? २२ मे २०१० रोजी तेथे १५८ जण मृत्युमुखी पडले. दहा हजारांवर तास झालेला कप्तान प्रवासात बराच वेळ झोपला होता. विमान फार उंचावरून उतरत आहे हे पाहून सहवैमानिकाने तीनदा सांगितले, की उतरू नका, पुन्हा वर घ्या. सुकाणू मात्र त्याने आपल्या हाती घेतले नाही. चौकशी समितीने त्याचे संभाव्य कारण नोंदविले आहे : सहवैमानिकाला तो अधिकार देणारे नियमच संदिग्ध होते.