घरे उभी राहिली, देखभाल कोणाची?

लातूर - किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राज्य शासनाने केलेल्या पुनर्वसनात कामाच्या दोन पद्धती होत्या.

पहिली स्थलांतराची. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ग्रामस्थांना बांधलेली घरे मिळाली. दुसरी मूळ जागीच दुरुस्ती व मजबुतीकरणाची. तीत अनुदान हप्त्यांनी घरमालकाला मिळे, अभियंते मार्गदर्शन करीत. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला शासन व ग्रामस्थ यांच्यातील दुवा बनल्या. ज्याने स्वतः उभे राहून भिंत बांधून घेतली, त्याला तिची डागडुजीही उमगते.

नव्या गावांची अडचण वेगळी आहे. दाट गल्ल्यांऐवजी चौकोनी आखणी झाल्याने गावे विस्तारली. रस्ते, गटारे, जलवाहिन्याही लांबल्या. त्यांचा भार मात्र तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीवर पडला. आराखडा मंजूर होतानाच देखभालीचा खर्च व जबाबदारी ग्रामसभेपुढे ठेवावी, हाच किल्लारीचा धडा आहे.